कॅथलिक हायस्कूलवाले खेळाडू पोरं 'उचलतात' का? (न्यू जर्सी)

भाजणीची_चकली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते पण आता घरात रोज त्याच विषयावरून वाजतंय म्हणून धागा काढतेय.

आम्ही सेंट्रल जर्सीत. मुलगा आठवीत. तिसरीपासून कुस्ती करतो, म्हणजे इथलं रेसलिंग. सासरे कोल्हापूरचे, त्यामुळे आमच्याकडे हा विषय अभ्यासापेक्षा वरचा आहे. मागच्या महिन्यात एक टुर्नामेंट होती, मी ब्लीचर्सवर पोळीभाजीचा डबा उघडून बसलेली, खाली मॅटवर जंतुनाशक मारलेलं त्याचा वास आणि सत्तर पोरांच्या घामाचा वास, आणि एक गृहस्थ आले. पोलो शर्टवर एका कॅथलिक बॉइज हायस्कूलचा लोगो. नवऱ्याशी शेकहँड केला आणि म्हणाले तुमच्या मुलाचा सिंगल लेगचा डाव फार सफाईदार आहे (सासरे त्याला एकेरी पट म्हणतात, त्यांनीच शिकवलाय), हायस्कूलचं काय ठरलंय? आमचं काय ठरायचंय, टाऊनचं पब्लिक हायस्कूल, त्याच्यासाठीच तर इथे घर घेतलं. तर म्हणाले एक दिवस शॅडो डेला (म्हणजे तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याबरोबर दिवसभर शाळेत फिरायचं) पाठवून बघा, बाकी ॲडमिशन ऑफिस बघेल. नवऱ्याने फी विचारली, वीस हजार डॉलरच्या पुढे आहे वर्षाला. लगेच म्हणाले, फीच्या आकड्याने दबून जाऊ नका, आधी फॉर्म तर भरा.

क्लबमधली एक आई म्हणते हे रिक्रूटिंग आहे आणि नियमाबाहेर आहे. दुसरी म्हणते सगळेच करतात, तुला विचारलं म्हणजे पोरात दम आहे, खूश हो. सासूबाई म्हणतात मिशनऱ्यांनी फुकट काही दिलंय का कधी. तर खरं काय? घेतात का हे लोक खेळासाठी पोरं?

सदू_पार्सिपनी

घेतात. पुढचा प्रश्न?

तंबोरा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रूट१_वरचा

सदूभाऊ इतकं सोपं नाहीये. मी बरीच वर्षं इथे यूथ कोचिंगमध्ये आहे (सॉकर), म्हणून जरा लांब लिहितो.

राज्याची जी हायस्कूल स्पोर्ट्सची संघटना आहे, एनजेएसआयएए, तिच्या नियमात खेळासाठी म्हणून मुलाला शाळेत ओढणं चालत नाही. पब्लिक असो की प्रायव्हेट. खेळाबद्दल फी माफ हा प्रकारही नाही, कॉलेजसारखी स्पोर्ट्स स्कॉलरशिप हायस्कूलला नसते. फायनान्शियल एड मिळते ती घरच्या उत्पन्नावर, त्याचा फॉर्म असतो, टॅक्स रिटर्न जोडावे लागतात. पण शाळेने स्वतःची जाहिरात करायला काहीच बंदी नाही. ओपन हाऊस, शॅडो डे, आठवीच्या पोरांना फुटबॉल मॅचची फुकट तिकिटं, हे सगळं राजरोस. प्रायव्हेट शाळेला पोरं मिळवावीच लागतात हो, टाऊन काही तिला आपोआप दरवर्षी तीनशे पोरं देत नाही.

त्यामुळे रेघ कुठे आहे तर बोललं कोण आणि कशाबद्दल बोललं. ॲडमिशनवाल्या बाईंनी तुम्हाला पत्र पाठवलं तर ते मार्केटिंग. कोचने येऊन "तुझी जागा पक्की, फीचं मी बघतो" म्हटलं तर ते रिक्रूटिंग. आता तुमच्या त्या गृहस्थांचं वाक्य परत वाचा. "बाकी ॲडमिशन ऑफिस बघेल." हे वाक्य पाठ केलेलं आहे ताई. ओठ न हलवता शिट्टी वाजवणं याला म्हणतात.

दुसरी बाजू पण सांगतो. एडिसनला लागून मेटुचनमध्ये सेंट जोसेफ आहे, मुलांची कॅथलिक शाळा. जे विल्यम्स, अँड्र्यू बायनम, कार्ल-अँथनी टाउन्स, तिघेही तिथले, तिघेही बास्केटबॉलच्या एनबीएत गेले. एवढीशी शाळा आणि तीन. म्हणजे कोणी उचलून आणले असं मी म्हणत नाहीये, एकदा टीमचं नाव झालं की आईबाप स्वतःच पोराला घेऊन दारात उभे राहतात. ते थोपवायचं कसं? आणि का थोपवायचं?

करदाता_क्रमांक_१

का थोपवायचं? कारण माझ्या पोराच्या पब्लिक स्कूलमध्ये फक्त आमच्या टाऊनची पोरं येतात आणि ह्यांच्याकडे तीन काउंट्यांमधून बस भरून येतात. मी वर्षाला चौदा हजार प्रॉपर्टी टॅक्स भरतो, त्यातला मोठा भाग टाऊनच्या शाळेला, आणि फुटबॉलच्या सीझनला पहिल्याच मॅचमध्ये अशी टीम समोर येते की ज्यांच्या नववीच्या पोरांना दाढ्या आहेत. ४२-० आणि तेही त्यांनी हाफ टाइमनंतर सब्स खेळवले म्हणून!!! धर्माच्या नावाने शाळा काढायची आणि ट्रॉफ्यांचा कारखाना चालवायचा.

रूट१_वरचा

करदाते, शांत व्हा. स्टेट प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) इथे वेगवेगळे आहेत, नॉन-पब्लिकचे गट निराळे, पब्लिकचे निराळे. तुमची भेट फक्त रेग्युलर सीझनला. पण चकलीताईंसाठी एक: रेसलिंगच्या वैयक्तिक स्पर्धेत ही विभागणी नाही. डिस्ट्रिक्ट, मग रीजन, मग राज्य स्पर्धेला अटलांटिक सिटीचा बोर्डवॉक हॉल. तिथे सगळे एकाच ब्रॅकेटमध्ये. तुमचा मुलगा कुठल्याही शाळेत गेला तरी त्याच पोरांशी खेळणार आहे.

भाजणीची_चकली

हे माहीत नव्हतं! सासऱ्यांना सांगितलं तर म्हणे "मग शाळा बदलून उपयोग काय, वस्ताद बदलतो का ते बघ".

रंकाळा

सासरे एक नंबर. बाकी आम्हा कोल्हापूरकरांना ह्या धाग्याची गंमत वाटतेय. शाहू महाराजांनी गावोगावचे पैलवान आणून तालमीत ठेवले, खुराक दिला, राहायला जागा दिली, खासबागेचं मैदान बांधलं. ह्याला आमच्यात राजाश्रय म्हणतात. अमेरिकेत त्यालाच नियमभंग म्हणतात एवढाच फरक :)

तंबोरा

राजाश्रयाचा फॉर्म भरताना टॅक्स रिटर्न जोडावे लागत होते का?

रंकाळा

छाती मोजायचे फक्त.

बांद्रा_ईस्ट

अमेरिकेचं काय घेऊन बसलात, मुंबईत शाळा क्रिकेटमध्ये आयुष्यभर हेच चाललंय. मी स्वतः उचललेला माल आहे. सहावीत होतो, शिवाजी पार्कला नेटमध्ये ऑफस्पिन टाकायचो, सरांनी बाबांना बोलावलं आणि म्हणाले ह्याची शाळा बदला, ह्या शाळेत राहिला तर गाइल्स शील्डला (मुंबईची आंतरशालेय स्पर्धा) पण खेळणार नाही. नाव सांगत नाही पण दादरची शाळा. फी अर्धी, वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवलेलं की हा दुपारनंतर नसतो, आणि मॅच जिंकली की कँटीनला दोन वडापाव. बाबा बेस्टमध्ये होते, त्यांना काय हवं होतं अजून? गणित मात्र जे गेलं ते गेलंच. आजही मुलीचा होमवर्क बायको घेते.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण कोणाला माहीत नाही? तेंडुलकर बांद्र्याला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता, आचरेकर सरांच्या सांगण्यावरून दादरला शारदाश्रमात आला. मग १९८८ ला आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सेमीफायनलला तो आणि कांबळी, ६६४ ची पार्टनरशिप. समोर कोण? सेंट झेवियर्स. मग २०१३ ला रिझवीच्या पृथ्वी शॉने ५४६ मारले, समोर कोण? बोरिवलीचं सेंट फ्रान्सिस डिअसिसी. म्हणजे आमच्याकडे मार खाणारेच कॅथलिक होते.

सदू_पार्सिपनी

हाहाहा. शेवटची ओळ फ्रेम करून लावणार.

वसईची_केळी

मी वसईची कॅथलिक, म्हणजे ह्या धाग्यावर बहुतेक एकटीच :) तर दोन शब्द.

पहिलं म्हणजे "कॅथलिक शाळा" ही एक कंपनी नाहीये. काही शाळा डायोसिसच्या (बिशपच्या हद्दीच्या), काही पॅरिशच्या (एकेका चर्चच्या), काही जेझुइट, बेनेडिक्टाइन, ख्रिश्चन ब्रदर्स अशा संन्यस्त संघांच्या. प्रत्येकाची तिजोरी वेगळी, डोकं वेगळं. एकाने काही केलं म्हणून सगळ्यांना झोडू नका.

दुसरं पैशाचं. १९६० च्या दशकात अमेरिकेत कॅथलिक शाळांमध्ये ५२ लाखांच्या आसपास पोरं होती, आता १७ लाखांच्या घरात. पूर्वी शिकवायला सिस्टर आणि ब्रदर असायचे, त्यांना पगार जवळपास नसायचाच, म्हणून फी कमी. आता शिकवणारे सगळे तुमच्याआमच्यासारखे, त्यांना पगार, इन्शुरन्स, पेन्शन. फी वाढली, पोरं कमी झाली, शाळा बंद पडायला लागल्या. अशा वेळी शुक्रवारी रात्री टीव्हीवर शाळेचं नाव झळकतं ते फक्त फुटबॉलमुळे. केमिस्ट्रीच्या लॅबचं थेट प्रक्षेपण कोणी करत नाही ना. माझ्या भावाचा मुलगा इथे जेझुइट शाळेत आहे, खेळात ढ आहे, बँडमध्ये ट्रोम्बोन वाजवतो, आणि त्याला एड मिळतेय. खेळाडूंनाच मिळते हा गैरसमज आहे.

आणि चकलीताई, सासूबाईंना सांगा, मिशनऱ्यांनी आम्हाला फुकट काही नाही दिलं, पण छडी मात्र भरपूर दिली.

लेक_मिशिगन_काकू

केळीताई प्रतिसाद आवडला. आमच्या इलिनॉयमध्ये ह्या भांडणावर गणिती उपाय काढलाय. ज्या शाळांना हद्द नाही, म्हणजे कुठूनही पोरं घेऊ शकतात, त्यांची पटसंख्या १.६५ ने गुणतात. १००० पोरांची शाळा असेल तर स्पर्धेसाठी ती १६५० ची धरायची आणि तेवढ्या मोठ्या शाळांच्या गटात टाकायची. २००५ पासून आहे हे. माझी मुलगी अशाच शाळेत व्हॉलीबॉल खेळली. ह्यांनी तिला पहिल्या दिवशी सांगितलं, बेटा आजपासून तू एकटी नाहीस, तू एक पूर्णांक पासष्ट शतांश आहेस.

उपयोग झाला का? दोन्ही बाजू अजून तेवढ्याच चिडलेल्या आहेत, म्हणजे बहुतेक आकडा बरोबर असावा.

तंबोरा

काकू, जेवणाच्या डब्याला पण १.६५ ने गुणायचं का?

लेक_मिशिगन_काकू

व्हॉलीबॉल सीझनला दोनने.

अक्रनचा_अण्णा

ओहायोतून हजेरी. बास्केटबॉलच्या लेब्रॉनचा विषय कोणी काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. लेब्रॉन जेम्स सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरीत शिकला, अक्रनमधली कॅथलिक शाळा, आणि तो काही कॅथलिक घरातला नव्हता. तो आणि त्याचे मित्र लहानपणापासून एकत्र खेळायचे, सगळ्या गावाने गृहीत धरलेलं की ही पोरं बक्टेलला जाणार, पब्लिक स्कूल, काळ्या वस्तीची शाळा, तिथली टीम जोरात. आणि ऐनवेळी चौघांनी मिळून सेंट व्ही निवडली. कारण त्यांच्यातला जो बुटका होता, ड्रू जॉइस, त्याला वाटलं की बक्टेलमध्ये आपल्याला उंचीमुळे खेळवणार नाहीत, आणि सेंट व्हीचा कोच कीथ डॅम्ब्रॉट त्याला आधीपासून ओळखत होता. मी आलो तेव्हा लेब्रॉन हायस्कूल संपवून गेलेला, पण ऑफिसातले जुने लोक अजून त्या गोष्टीवर दातओठ खायचे. आमच्या शेजारचं सोनं तिकडे गेलं, अशी भावना.

आता ह्याला रिक्रूटिंग म्हणाल का? चौदा वर्षांच्या चार पोरांनी मैत्रीखातर ठरवलं. कोच ओळखीचा होता. ओळख ठेवणं हा गुन्हा आहे का? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

वकीलसाहेब_नॅशव्हिल

उत्तर सुप्रीम कोर्टाने थोडंफार दिलंय, कारण केस आमच्याच गावची आहे. ब्रेंटवुड अकॅडमी. कॅथलिक नाही, प्रोटेस्टंट ख्रिस्ती शाळा, पण मुद्दा हाच. १९९७ साली तिथल्या फुटबॉल कोचने आठवीच्या काही पोरांना पत्र पाठवलं की स्प्रिंग प्रॅक्टिसला या, आणि खाली सही काय केली? "तुमचा कोच". पोरांची ॲडमिशन आधीच झालेली होती, पण शाळेत पाऊल ठेवलं नव्हतं. टेनेसीच्या संघटनेने दंड ठोकला, प्लेऑफबंदी घातली. शाळा म्हणाली पत्र लिहिणं हे आमचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य. हे भांडण दोनदा सुप्रीम कोर्टात गेलं! २००१ ला कोर्टाने म्हटलं की संघटना खाजगी दिसली तरी सरकारी अंगासारखीच वागते, तेव्हा तिला घटना लागू. आणि २००७ ला म्हटलं घटना लागू आहे पण हा नियम घटनेत बसतो, तुम्ही स्वखुशीने संघटनेत आलात ना, मग नियम पाळा.

दोन शब्दांच्या सहीवरून दहा वर्षं. म्हणून चकलीताईंच्या त्या पोलो शर्टवाल्याने काही लिहून दिलं नाही यात नवल नाही.

भाजणीची_चकली

बापरे. त्याने फक्त एक टीशर्ट दिला होता मुलाला. एक्स्ट्रा लार्ज. मुलगा ११३ पाउंडांचा आहे.

रूट१_वरचा

भविष्य बघून दिला असेल.

खाडीपलीकडे

बे एरियातून. इथली मोठी गोष्ट म्हणजे काँकर्डची द ला साल, ब्रदर्सची शाळा, कोच बॉब लॅडसूर. १९९२ ते २००४ सलग १५१ मॅच हरले नाहीत. बारा वर्षं सगळी बे एरिया हेच म्हणत होती, पोरं गोळा करतात पोरं गोळा करतात. शेवटी २००४ ला हरवलं कोणी तर सिएटलजवळच्या बेलव्ह्यूच्या पब्लिक स्कूलने. किती पेढे वाटले लोकांनी, बघा साध्या पब्लिक स्कूलने जिरवली! आणि बारा वर्षांनी, २०१६ ला, त्याच बेलव्ह्यूच्या फुटबॉल प्रोग्रॅमची चौकशी झाली, खोटे पत्ते, काही खेळाडूंची दुसऱ्या एका छोट्या प्रायव्हेट शाळेतली फी भरणारे लोक, सगळं अहवालात आलं आणि पोस्टसीझन बंदी आली.

म्हणून करदाते, पब्लिक स्कूल म्हणजे तुळशीपत्र असं समजू नका. ज्याला करायचं तो पत्ता बदलून पण करतो.

करदाता_क्रमांक_१

खोट्या पत्त्याचं आमच्या टाऊनमध्ये पण आहे. एका अपार्टमेंटच्या एकाच युनिटमध्ये दोन लाइनबॅकर आणि एक क्वार्टरबॅक राहतात म्हणे. मी ते नाकारत नाही. पण तरी ४२-० विसरणार नाही.

जर्नल_स्क्वेअर

मी नव्वदीच्या शेवटी एचवनवर जर्सी सिटीत आलो, पाच जण एका खोलीत, पाथ ट्रेनने मॅनहॅटन. शनिवारी करायला काही नसायचं तेव्हा रूममेट सेंट अँथनीची बास्केटबॉल मॅच बघायला घेऊन गेला. शाळेला स्वतःची जिमच नव्हती हो! होम मॅच पण दुसऱ्याच्या जिममध्ये. फेलिशियन सिस्टर्सची शाळा, गरीब पोरं, आणि कोच बॉब हर्ली, जो दिवसा काउंटीत प्रोबेशन ऑफिसर होता. माणूस बाकावर बसायचा नाही, उभा राहून असा ओरडायचा की शेवटच्या रांगेत आम्ही पाठ सरळ करून बसायचो. २८ स्टेट चॅम्पियनशिप, २०१० ला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये. ह्याचा मुलगा डॅन हर्ली आता यूकॉनचा (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) कोच आहे.

आणि २०१७ ला शाळा बंद पडली. पैसे नाहीत म्हणून. २८ ट्रॉफ्या एका बाजूला आणि विजेचं बिल एका बाजूला. केळीताई म्हणतात त्या जाहिरातीचा तिथे काय उपयोग झाला? तेव्हा ट्रॉफ्यांचा कारखाना वगैरे म्हणताना जरा हे पण लक्षात असू द्या. तिथे आलेल्या पोरांना कोणी 'उचललं' असेल तर बरं झालं उचललं, कॉलेजला तरी गेली.

वसईची_केळी

+१. डोळ्यांत पाणी आलं.

सदू_पार्सिपनी

जर्नल भाऊ, त्या पाच जणांच्या खोलीत भांडी कोण घासायचं?

जर्नल_स्क्वेअर

जो शेवटी आला तो. म्हणजे मी.

गुडघा_वाला_बाप

एवढं सगळं वाचून गप्प बसणार होतो पण चकलीताईंसाठी लिहितो. शाळेचं नाव, राज्य, काहीच सांगणार नाही.

माझा मुलगा असाच गेला. लॅक्रोस, जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा तो खेळ. कोच घरी आला नाही, फोन केला नाही, सगळं नियमात. फक्त क्लबचा कोच आणि शाळेचा असिस्टंट कोच एकच माणूस होता. एड मिळाली, फी निम्म्याच्या खाली आली, आम्ही हवेत. नववी दहावी मस्त. दहावीच्या उन्हाळ्यात गुडघ्याची एसीएल (लिगामेंट) गेली. ऑपरेशन, नऊ महिने. एड कोणी काढून घेतली नाही, हे खरं सांगतो, फॉर्मवर उत्पन्न तेच होतं त्यामुळे एड तीच. पण अकरावीला त्याच्या जागेवर दुसऱ्या शाळेतून एक मुलगा आला, ट्रान्सफर. तो काही दिवस बाहेर बसला नियमाप्रमाणे आणि मग खेळायला लागला. आमचा बरा होऊन परत गेला तेव्हा त्याला कोणी वाईट बोललं नाही. कोणी काही बोललंच नाही. घरी येऊन लॅक्रोस स्टिकची जाळी परत विणत बसायचा, सोडायचा, परत विणायचा. खेळायला घेतच नव्हता. मी विचारायचो तर म्हणायचा पॉकेट नीट बसत नाहीये.

बाहेरची पोरं चिडतात की शाळेने खेळाडू आणला म्हणून आमची संधी गेली. अहो आणलेल्या पोराची पण जाते, पुढच्या आणलेल्या पोरामुळे.

तर ताई, ते रिक्रूट करतात का हे विचारू नका. एवढंच विचारा: दहावीत ह्याने कुस्ती सोडली तर काय? एडचं काय, आणि दुपारी तीन नंतर ह्याने त्या शाळेत करायचं काय. हे ॲडमिशनवाल्यांना पण विचारा आणि कोचला पण, वेगवेगळं.

रूट१_वरचा

हा प्रतिसाद धाग्याच्या वर लावा कोणीतरी.

बांद्रा_ईस्ट

गुडघेवाले, मला सोळाव्या वर्षी ॲक्शनमध्ये दोष काढून टीमबाहेर केलं तेव्हा वडापाव पण बंद झाला होता. समजू शकतो. मुलगा आता कसा आहे?

गुडघा_वाला_बाप

मजेत आहे. रटगर्स युनिव्हर्सिटीला, सिव्हिल इंजिनिअरिंग. लॅक्रोस बघत पण नाही, क्रिकेट खेळतो पार्कात आपल्या लोकांबरोबर.

रंकाळा

शेवटी माणूस मातीत येतोच.

भाजणीची_चकली

धागा वर काढतेय. सगळ्यांचे आभार, काल शॅडो डे झाला.

मुलाला ज्या मुलाबरोबर दिवसभर फिरायला दिलं तो रेसलर नव्हताच, रोबोटिक्सवाला होता. थिऑलॉजीचा तास चारही वर्षं सक्तीचा आहे, त्यात चक्क बुद्धावर चर्चा चालली होती म्हणे. रेसलिंग रूम मात्र त्याने तीन वेळा वर्णन करून सांगितली, दोन पूर्ण मॅट, भिंतीला गाद्या, दोरखंड.

मी गुडघेवाल्यांचा प्रश्न दोघांना विचारला. ॲडमिशनवाल्या बाईंनी एक सेकंद न थांबता सांगितलं, एड उत्पन्नावर आहे, दरवर्षी फॉर्म भरायचा, खेळाचा संबंध नाही, आणि हे लेखी पाठवते. पाठवलं पण संध्याकाळपर्यंत. कोचना विचारलं तर ते आधी हसले. मग म्हणाले, ह्याच्यासारखा मुलगा कुस्ती सोडेल असं मला वाटत नाही. मी म्हटलं पण समजा सोडली तर? तर म्हणाले, मग आम्हाला ११३ पाउंडांच्या गटाला दुसरा शोधावा लागेल. प्रामाणिकपणे बोलले असावेत. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला माणूस सरळ आहे, आणि मी म्हटलं हो, तेच तर.

घरी आल्यावर सासऱ्यांनी नातवाला फक्त विचारलं, तिथला वस्ताद स्वतः मॅटवर उतरतो का? तो म्हणाला उतरतो, आजोबा, पण आपल्या टाऊनच्या शाळेतला पण उतरतो. त्यानंतर दोघे बेसमेंटमध्ये गेले ते जेवायलाच वर आले.

फॉर्मची मुदत अजून तीन आठवडे आहे. सासूबाईंनी रात्रीच बदाम भिजत घातलेत, कुठल्याही शाळेसाठी.

तंबोरा

१.६५ ने गुणून घाला म्हणावं.